लाखेची चमक आणि कोचियाची वही

एकादशीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडे बटाट्याचे वेफर्स घेताना चौकस गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं : "कढई वेगळी आहे ना?" बटाटा उपासाला चालतो, शेंगदाण्याचं तेल चालतं, मीठही चालतं. अडतं ते त्याच तेलात सकाळी कांदाभजी तळली असतील तर. घटकांच्या यादीत काहीच वावगं नाही, तरी पदार्थ बाद. दुकानदार "हो, वेगळी आहे" म्हणाला की आपण त्याच्या शब्दावर पुडा घेतो, कारण तो ओळखीचा असतो आणि त्याला उद्याही दुकान उघडायचं असतं.

हाच पुडा आता जकार्ताला विकायचाय असं समजा. गिऱ्हाइकाचा प्रश्न तोच, पण उत्तर देणारा चार हजार किलोमीटर लांब. त्याचा चेहरा दिसत नाही, त्याची भाषा कळत नाही. मग मधे कुणीतरी तिसरा लागतो, जो कढई पाहून येईल, तेलाच्या डब्यावरचं नाव वाचेल आणि "वेगळी आहे" असं सहीशिक्क्यानिशी लिहून देईल. हलाल प्रमाणपत्र म्हणजे मुळात एवढंच.

आपल्याकडे हलाल म्हटलं की मटणाचं दुकान डोळ्यांपुढे येतं. म्हणून रायपूरच्या एखाद्या उद्योजकाकडे परदेशी व्यापारी तांदळासाठी, चिंचेच्या गोळ्यांसाठी किंवा लाखेसाठी हा कागद मागतो, तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. झाडावरच्या चिंचेला कसलं आलंय हलाल? प्रश्न रास्त आहे. बऱ्याचदा त्याचं उत्तर "गरज नाही" असंच असतं. पण काही ठिकाणी ते तसं नाही, आणि छत्तीसगढच्या जंगलातून येणारी लाख त्यांपैकी एक.

काय चालत नाही, ते आधी

नियम थोडके आहेत. डुक्कर आणि त्यापासून निघालेलं काहीही, रक्त, आपोआप मेलेलं जनावर, विधीनुसार न कापलेल्या जनावराचं मांस, आणि नशा आणणारी पेयं, हे ठळकपणे निषिद्ध, म्हणजे हराम. एरवी जे खाण्यापिण्याजोगं, ते बहुतांशी हलाल. या हिशेबाने तांदूळ, डाळ, चिंच, हळद, मध हे जन्मतःच हलाल.

दोहोंच्या मधे एक तिसरा पट्टा आहे. त्याला मश्बूह म्हणतात, म्हणजे संशयातलं, चालतं की नाही ते ठामपणे सांगता न येणारं. शंभर वर्षांपूर्वी हा पट्टा अरुंद होता, कारण लोक धान्य धान्याच्या रूपात आणि तूप तुपाच्या रूपात विकत घेत. आज बिस्किटाच्या पुड्यावरची यादी वाचा. ई ४७१ हा पायसीकारक, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, पाम तेलापासून बनतो तसा जनावराच्या चरबीपासूनही बनतो. पुड्यावरचा क्रमांक दोन्हींना एकच. जेलीच्या गोळ्यांतलं जिलेटिन हाडाकातड्यातून येतं. व्हॅनिलाचा अर्क अनेकदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. प्रमाणपत्राचं बहुतेक काम या मधल्या पट्ट्यात चालतं.

तांदळाचंच उदाहरण घ्या, कारण रायपूरच्या आसपास गिरण्यांची रांग लागलेली आहे. साधा तांदूळ कुणी तपासायला जात नाही. पण पोषणयुक्त तांदूळ वेगळा. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात घडवलेला असतो : तांदळाचं पीठ, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेलं. शेतातून आलेल्या दाण्याला इतिहास नसतो, कारखान्यातल्या दाण्याला असतो. जीवनसत्त्वाची ती पूड कुणी बनवली, ती कशात मिसळली, हे विचारायला जागा आहे. हे दाणे परदेशी पाठवायचे झाले तर घेणाऱ्याने कागद मागितला म्हणून त्याला हसता येणार नाही.

मोहाचं उलटं आहे. वाळवलेलं मोहफूल निर्दोष. २०२१ साली कोरबा भागातली निर्जलीकृत मोहफुलं समुद्रमार्गे फ्रान्सला गेली, तेव्हा ती फुलंच होती. त्याच फुलाची दारू काढली की ती हराम, यात कुणाचाही मतभेद नाही. मधली अवस्था मात्र खट्याळ आहे. फुलं नीट न वाळवता पोत्यात भरली, ओल राहिली, की ती आपोआप आंबायला लागतात. म्हणून मोहाचे लाडू करणाऱ्या बचत गटाला तपासनीस धर्माविषयी फार विचारत नाही. तो विचारतो की फुलं कशावर वाळवता, ताडपत्रीवर की शेणाने सारवलेल्या अंगणात, आणि ज्या खोलीत ठेवता तिथे शेजारी भट्टी आहे का.

लाखेचा पेच

लाख हा किड्याचा स्राव आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखकीटक हजारोंनी चिकटतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. पळस-बोरीवरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. कुसुमी फिकट रंगाची आणि भावाने चढी. झारखंडखालोखाल देशात छत्तीसगढचं नाव घेतलं जातं. कांकेर, कोरबा, गरियाबंद, धमतरी या पट्ट्यात हे पीक परंपरेने निघतं. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातही ते आहे.

फांदीवरून खरवडलेली कच्ची लाख कुटून, चाळून, पाण्यात घोळून धुतली की दाणेदार माल मिळतो, त्याला व्यापारात चौरी म्हणतात. तो वितळवून पातळ पापुद्र्यासारखा ओढला की चपडा. जुन्या पद्धतीत कापडाच्या लांब पिशवीत चौरी भरून ती कोळशाच्या भट्टीसमोर पिळत, आता बहुतेक ठिकाणी वाफ आणि दाब वापरतात. बांगड्या, मोहोर, लाकडी फर्निचरवरची झिलई हे लाखेचे जुने उपयोग सगळ्यांना माहीत आहेत. ती आपण खातो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी, औषधाच्या गोळीवरचं आवरण, दूरदेशी जाणाऱ्या सफरचंदावरचा मेणचट लेप यांत ई ९०४ या क्रमांकाने लाखच असते.

आता पेच असा : किडा सहसा खायला चालत नाही, मग किड्याचा स्राव?

हा पेच एकट्या मुसलमानांचा नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना प्राणी, पक्षी, कीटक, अंडी सगळं धरलं आहे आणि मग अपवाद सांगितले आहेत : दूध, मध, मधमाशीचं मेण, आणि लाख. म्हणजे ज्या हिरव्या ठिपक्याकडे बघून आपण निर्धास्त होतो, त्यात लाखेला मुद्दाम बसवून घेतलेलं आहे. दुसरीकडे २०१३ साली इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने खास लाखेवर फतवा काढला आणि अन्न, औषध, प्रसाधनं यांत ती चालेल असं सांगितलं. दिल्लीतले अधिकारी आणि जकार्तातले मौलवी एकमेकांना न विचारता एकाच जागी पोहोचले, याची मला गंमत वाटते. दोघांनीही लाखेला मधाच्या पंगतीत बसवलं.

पण फतव्याने निकाल लागला तो कच्च्या लाखेचा. कारखान्यात पुढे काय होतं? औषधी गोळ्यांना लागणारी बिनमेणाची, बिनरंगाची लाख करण्यासाठी ती इथेनॉलमध्ये विरघळवतात, गाळतात, मग इथेनॉल उडवून परत मिळवतात. इथेनॉल म्हणजे दारूतलंच अल्कोहोल. ते कुठून आलं? मद्याच्या कारखान्यातून की उसाच्या मळीपासून बनवलेलं औद्योगिक? मालात शेवटी किती शिल्लक राहिलं? याबाबत सगळ्या देशांची मतं जुळत नाहीत. ढोबळमानाने, पिण्यासाठी म्हणून बनवलेल्या मद्यातलं अल्कोहोल चालत नाही. द्रावक म्हणून वापरलेलं औद्योगिक अल्कोहोल अटी घालून चालवून घेतात. म्हणून लाखेच्या कारखान्यात तपासनिसाचा पहिला कागद असतो तो अल्कोहोलच्या पिंपाच्या खरेदीची पावती.

तपासनीस येतो, म्हणजे काय होतं

प्रक्रिया कंटाळवाणी आहे, आणि कंटाळवाणी असणं हेच तिचं बळ. उद्योजक अर्जासोबत प्रत्येक मालाच्या घटकांची यादी देतो. प्रत्येक घटकापुढे पुरवठादाराचं नाव आणि त्याचा कागद. मीठ, साखर यांचा प्रश्न लवकर सुटतो. अडकतं ते रंग, सुगंध, मेण, वंगण यांच्यापाशी. हो, वंगणसुद्धा : सरकपट्ट्याच्या साखळीला लावलेल्या ग्रीसमध्ये चरबी असू शकते आणि ते मालावर ठिबकू शकतं.

कागद पटले की दोघे प्रत्यक्ष येतात, एक अन्नतंत्र जाणणारा आणि एक शरियत जाणणारा. ते माल आत येतो त्या दारापासून गाडीत चढतो त्या दारापर्यंत चालत जातात. आधी त्या यंत्रात काय बनत होतं, हे विचारतात. डुकराशी संबंध आलेलं यंत्र हलालसाठी वापरायचं तर मलेशियाच्या पद्धतीत ते सात पाण्यांनी धुवावं लागतं, त्यांतलं एक माती कालवलेलं. संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो. मांसाचा अंश आहे का ते डीएनए सांगतो, अल्कोहोल किती ते वायूंच्या पृथक्करणाचं यंत्र सांगतं. भरपूर प्रक्रिया झालेल्या चरबीत मात्र प्रयोगशाळाही पुष्कळदा हात टेकते, आणि उरतो तो पुरवठादाराचा कागदच.

मग समितीचा निर्णय, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र, आणि मधून मधून फेरतपासणी. नवा पुरवठादार आला किंवा नवा सुगंध घातला तर आधी कळवायचं.

चौकट
बचत गटाच्या खोलीत तपासनिसाने विचारलेले प्रश्न साधारण कसे असतात
ही बरणी कोणत्या दिवशी भरली? त्यात गेलेली साखर कोणत्या दुकानाची, बिल आहे का? याच कढईत गट आणखी काय बनवतो, सणावाराला कुणी ती घरी नेतं का? सुगंधाच्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव आहे की बाजारातून सुटा आणला? माल परत आला तर त्याच दिवशीच्या बाकीच्या बरण्या कुठे गेल्या, हे सांगता येईल का? यातला एकही प्रश्न फक्त हलालचा नाही. हाच कागद कोशर (ज्यूंचे आहारनियम), सेंद्रिय किंवा साध्या अन्नसुरक्षेच्या तपासणीतही मागतात.

कागद खरा कशावरून?

प्रमाणपत्र देणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. भारतात अनेक संस्था हे काम करतात. दिल्लीत जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, चेन्नईत हलाल इंडिया, मुंबईत जमियत उलेमा-ए-महाराष्ट्रची समिती. पण भारतात कुणी छापून दिलेला शिक्का क्वालालंपूरच्या बंदरात आपोआप चालत नाही. मलेशियाचं जाकिम हे सरकारी खातं परदेशी संस्थांची स्वतःची यादी ठेवतं. इंडोनेशियाची बीपीजेपीएच ही यंत्रणा वेगळी यादी ठेवते. आखाती देशांची मान्यता आणखी वेगळी. म्हणजे संस्था उद्योगाला तपासते, आणि संस्थेला आयात करणारा देश तपासतो.

म्हणून माझा एक आगाऊ सल्ला : प्रमाणपत्राचा अर्ज करायच्या आधी गिऱ्हाईक पक्कं करा आणि त्यालाच विचारा, कोणत्या संस्थेचा कागद चालेल? उलट क्रमाने गेलेले लोक सुंदर फ्रेम केलेला, पण निरुपयोगी कागद भिंतीवर लावून बसतात.

मांसाबाबत भारत सरकारने ही साखळी अलीकडे आपल्या हातात घेतली. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस हलाल या योजनेत, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाच सरकारी मान्यता घ्यावी लागते. १६ ऑक्टोबर २०२४ पासून इंडोनेशिया, मलेशिया, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बांगलादेश अशा १५ देशांना मांस 'हलाल' म्हणून पाठवायचं तर अशाच संस्थेचा कागद लागतो. हे बंधन फक्त मांस आणि मांसाच्या पदार्थांना. छत्तीसगढच्या चिंच-मोह-लाखेला ते लागू नाही. तिथे अजून बाजाराची मागणी हाच नियम.

दोन टन आणि पन्नास टन

आता खेड्यातल्या उद्योगाचा हिशेब मांडू. समजा, तपासनिसांच्या येण्याजाण्यासकट प्रमाणपत्राचा वर्षाचा खर्च ५० हजार रुपये आला. आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. दहा बायकांचा गट वर्षाला दोन टन चिंचगोळ्या करत असेल तर किलोमागे २५ रुपये पडले. नफा तिथेच संपला. पन्नास टन करणाऱ्या कारखान्याला किलोमागे एक रुपया. तपासनिसाला दोन्हीकडे साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून खर्च मालाच्या प्रमाणात उतरत नाही. लहान उद्योगाला प्रमाणपत्र परवडत नाही ते या गणितामुळे. धर्माचा यात काही संबंध नाही.

शिवाय दोन टन माल घेऊन जकार्ताशी बोलायला जाणारा व्यापारी हसण्यावारी नेला जातो. कंटेनर भरायला साधारण वीस टन लागतात. म्हणजे गावच्या गटाला हा कागद एकट्याने घेण्यात काही अर्थ नाही. तो घ्यायचा तर अनेक गटांचा माल एका छताखाली आणणाऱ्याने.

छत्तीसगढमध्ये असं छत आहे, आणि ते बऱ्यापैकी मोठं आहे. राज्य लघु वनोपज संघाखाली नऊशेहून जास्त प्राथमिक सहकारी समित्या आहेत. 'छत्तीसगढ हर्बल्स' या नावाने संघ मध, चिंच, मोह, आवळा यांचे पदार्थ विकतो. रायपूरला संजीवनी दुकानात ते मिळतात. पैशाची बाजू केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेने थोडी उचलली आहे : यंत्रांवर ३५ टक्के अनुदान, एका उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांचं बीजभांडवल. २०२५ मध्ये अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यात प्राधिकरणाचं, विभागीय कार्यालयही रायपूरला आलं. पूर्वी चौकशीसाठीसुद्धा परगावी जावं लागे.

पण पायऱ्यांचा क्रम चुकवू नये. पहिली पायरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी, जिची फी वर्षाला शंभर रुपये इतकी किरकोळ आहे. दुसरी पायरी एक शाळकरी वही, ज्यात रोज भरलेल्या बरण्यांचा क्रमांक, तारीख आणि मालाची बिलं. तिसरी पायरी देशातल्या एखाद्या मोठ्या दुकानदाराला सलग वर्षभर एकसारखा माल पुरवून दाखवणं. मग गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाने मागितला तरच हलालचा कागद. आमच्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांत शेवटची पायरी सर्वांत आधी शिकवतात, कारण निर्यात या शब्दाला टाळ्या पडतात.

जकार्ताची तारीख

इंडोनेशियाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतोय त्याला कारण आहे. २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने त्या देशाने हलाल प्रमाणपत्र ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायचं ठरवलं. मोठ्या आणि मध्यम देशी उद्योगांच्या खाद्यपेयांना १७ ऑक्टोबर २०२४ ही तारीख लागली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची तयारी झाली नाही म्हणून त्यांना १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. जे हलाल नाही तेही विकता येतं, मात्र तसं स्पष्ट छापावं लागतं. प्रक्रिया न केलेला निसर्गातला शेतमाल या सक्तीतून मोकळा आहे.

आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. इंडोनेशियात घरगुती केळ्याचे वेफर्स करणाऱ्या बाईला मोठ्या कारखान्याची तपासणी कशी परवडणार, हाच प्रश्न तिथेही होता. त्यांनी स्वयंघोषणेची वेगळी वाट काढली. पदार्थ साधा, घटक निःसंशय आणि कृती सोपी असेल तर बाई स्वतः लिहून देते. सरकारने प्रशिक्षण दिलेला एक सहायक घरी येऊन पाहून जातो, समिती निर्णय देते आणि खर्च बऱ्याचदा सरकार उचलतं. सहायक साधारण त्याच भागातला असतो, त्यामुळे प्रवासखर्च वाचतो. यात फसवणुकीला वाव आहेच, आणि तशी टीकाही होते. पण चिंचगोळीला आणि सॉसेजच्या कारखान्याला एकच फूटपट्टी लावण्यापेक्षा हे शहाणपणाचं. आपल्याकडे सेंद्रिय शेतीत २०११ पासून चालू असलेली पीजीएस पद्धत याच जातीची : शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि सगळे मिळून हमी देतात.

वादाची बाजू

हा विषय आपल्या देशात शांतपणे बोलता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं. १८ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांचं उत्पादन, साठवण आणि विक्री राज्यात बंद केली. निर्यातीच्या मालाला मात्र त्यातून वगळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे सरकारी बाजूने सिमेंट आणि लोखंडी सळ्यांच्या हलाल प्रमाणपत्रांचा उल्लेख झाला. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली, तो याच वादाचा दुसरा काठ.

माझं मत असं, की दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत. सळईला असा कागद देणं हास्यास्पद आहे, आणि ज्या वस्तूत शंकेला जागाच नाही तिला फी घेऊन शिक्का देणारी संस्था स्वतःचीच पत घालवते. खाजगी संस्थांच्या फीचा हिशेब उघड असावा ही मागणीही योग्य. पण औषधी गोळीवरच्या लाखेत कोणतं अल्कोहोल वापरलं, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर मिळायला हवं. एकादशीला कढईची चौकशी करणाऱ्याला आपण जातीयवादी म्हणत नाही. गिऱ्हाइकाला आपल्या ताटात काय पडतं ते कळावं, यात वाईट काही नाही. तो कागद कुणी द्यावा आणि किती पैशांत, यावर भांडण जरूर व्हावं.

फड आणि कोचिया

पुन्हा लाखेकडे. कारखान्याला कागद मिळवणं तुलनेने सोपं, कारण तिथे दार आहे, पिंपं आहेत, पावत्या आहेत. साखळी तुटते ती कारखान्याच्या अलीकडे. कांकेरच्या गावातली बाई दोन-चार किलो लाख खरवडून आठवडी बाजारात नेते. तिथे कोचिया बसलेला असतो. कोचिया म्हणजे गावोगाव फिरून सुटा माल गोळा करणारा छोटा व्यापारी. तो कुसुमी आणि रंगीनी शक्यतो वेगळी ठेवतो, कारण भाव वेगळा. पण तीस बायकांची लाख एका पोत्यात जाते, पोतं मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून धमतरीला, झारखंडला किंवा बंगालमधल्या बलरामपूरला. चपड्याच्या पापुद्र्यावरून मागे चालत गेलं तर वाट या पोत्याशी संपते. नैसर्गिक मालाची सवलत आहे म्हणून हलालच्या तपासणीत हे अजून खपून जातं. पण युरोपातला औषध कारखाना मातीचा, कीटकनाशकाचा, जंगलाचा हिशेब मागायला लागला की तेच पोतं आडवं येतं.

आणि नवल हे की याच गावांत याहून अवघड हिशेब दरवर्षी चोख ठेवला जातो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात प्रत्येक फडावर, म्हणजे पानांच्या खरेदीच्या जागेवर, फडमुंशी बसतो. कुणी किती गड्ड्या आणल्या हे तो संग्राहकाच्या कार्डावर आणि आपल्या रजिस्टरात लिहितो. पैसे समितीमार्फत येतात. ज्या समित्यांचा उल्लेख वर केला त्या मुख्यतः याच कामासाठी उभ्या राहिल्या. नावनिशीवार नोंद करायची सवय, माणूस, रजिस्टर, कार्ड सगळं जागेवर आहे.

लाख त्या रजिस्टरात का येत नाही? कोचिया रोख देतो, त्याच दिवशी देतो, आणि लेकीच्या लग्नाला हंगामाआधीच उचल देतो. समितीकडे आधारभूत किंमत असते, पण पैसे खात्यावर कधी जमा होतील ते बाजारात उभ्या असलेल्या बाईला सांगता येत नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही कोचियाकडेच गेलो असतो. प्रशिक्षण, ब्रँड आणि परदेशी प्रदर्शनांवर खर्च होणाऱ्या रकमेतला थोडा भाग लाखेच्या हंगामात समितीच्या तिजोरीत रोख म्हणून ठेवला, आणि फडमुंशीला वैशाखात, कार्तिकात आठवडी बाजारी वजनकाटा घेऊन बसवलं, तर पोत्यावर गावाचं नाव लिहिता येईल. मग त्या पोत्याच्या पुढे हलाल, कोशर, सेंद्रिय, कुठलाही कागद जोडायचा तो जोडता येतो.